सेलर म्हणून भरती, ऑफिसर होऊन घरी : नेव्हीतली ही वाट नेमकी कशी चढायची

महिना-दोन महिन्यांनी एखादं पोरगं घरी येतं, बहुतेक आईला नायतर मामाला घेऊन. चहा होईपर्यंत गप्प बसतं आणि मग हळूच विचारतं, "काका, नेव्हीत साधं शिपाई म्हणून लागलं तर पुढं ऑफिसर होता येतं काय ओ?" येतं बाबा, मी झालोय. १९८८ साली मॅट्रिक एंट्रीतून गेलो, सोळा वर्षं सेलर म्हणून काढली, मग एसडी (स्पेशल ड्यूटीज, म्हणजे सेलरमधून परीक्षा देऊन वर आलेला) ऑफिसर झालो, लेफ्टनंट कमांडर असताना पेपर टाकले आणि गावी आलो, आता बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात भात आणि काजू बघतो. गावात मला कॅप्टनसाब म्हणतात, त्यांना सांगून थकलो की नेव्हीचा कॅप्टन म्हणजे आर्मीचा कर्नल, मी त्याच्या दोन पायऱ्या खाली उतरलो, पण गावानं दिलेलं प्रमोशन कोण परत करतंय. तर प्रत्येकाला तेच सांगून घसा बसलाय म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो, लांब होईल, सवडीनं वाचा.

आपल्या बेळगावकडची गोष्ट अशी की फौज म्हटलं की मराठा सेंटर. कँपातून बसनं जाताना पोरं जाळीतून परेड बघत मोठी होतात, घराघरात एक तरी आजोबा मराठा लाइट इन्फंट्रीचा. सांबऱ्याला एअरफोर्सचं ट्रेनिंग स्कूल आहे त्यामुळं निळा युनिफॉर्मपण डोळ्यासमोर असतो. पांढरा तेवढा दिसत नाही. माझ्या बापानं मला विचारलं होतं, "पाण्यावर कसली नोकरी, होडी वल्हवणार काय?" आणि तेव्हा त्याचं चुकलं नव्हतं, आमच्यापैकी कुणी समुद्रच बघितला नव्हता. आता मात्र ते कारण चालणार नाही, आपल्याच कर्नाटकात कारवारला आयएनएस कदंब हा नेव्हीचा तळ २००५ पासून आहे, रामनगर-जोयडा करत अणशी घाट उतरला की समुद्र. फॉर्म भरायच्या आधी एकदा पोराला घेऊन कारवारला जाच, बीचवर आयएनएस चपळ ही जुनी मिसाइल बोट म्युझियम करून ठेवलीय, आत शिरून बंक बघू दे. एवढ्याशा फळीवर झोपायचंय हे कळल्यावर निम्म्यांचा ताप तिथंच उतरतो, उरलेल्या निम्म्यांसाठी पुढचं वाचायचं.

आधी पुढचं दार वाजवून बघा

हे ऐकून काही आया नाराज होतात, पण सांगतोच. पोरगं बारावी सायन्सला असेल, पीसीएम असेल, डोकं बरं असेल, तर आधी एनडीएची (ऑफिसर घडवणाऱ्या नॅशनल डिफेन्स अकॅडमीची) परीक्षा द्या, जेईई मेन देत असेल तर नेव्हीच्या टेन प्लस टू बीटेक एंट्रीचा फॉर्म भरा (त्याला फिजिक्स-केमिस्ट्री-मॅथ्समध्ये ७० टक्के लागतात). यातनं गेलं तर बाविसाव्या-तेविसाव्या वर्षी सब लेफ्टनंट. माझ्या वाटेनं तेच व्हायला चौतीस वर्षं वय झालं. एनडीए मुलींनाही आता खुली आहे. आमच्या वेळी आम्हाला एनडीए हा शब्दच माहीत नव्हता, हायस्कूलच्या सरांनाही नव्हता, म्हणून मागच्या दारानं गेलो, त्यात शौर्य काही नाही. दोन-तीन अटेम्प्ट झाले, जमलं नाही, घरची परिस्थिती थांबू देत नाही, मग सेलर म्हणून जायला काहीच हरकत नाही, आणि जाताना वर चढायचं डोक्यात ठेवूनच जायचं.

आत शिरायचं दार : अग्निवीर

२०२२ च्या जूनमध्ये अग्निपथ आलं तेव्हापासून नेव्हीत सेलर म्हणून शिरायचं म्हणजे बहुतेकांना अग्निवीर म्हणूनच, म्हणजे आधी चार वर्षांसाठी. दोन प्रकार, एसएसआर म्हणजे बारावीवाले (मॅथ्स-फिजिक्स पाहिजेच) आणि एमआर म्हणजे दहावीवाले. ऑफिसर व्हायचं मनात असेल तर एसएसआरच बघा, दहावीवर घाईनं एमआरला गेलेला पोरगा पुढं शिक्षणाच्या अटीत अडकतो आणि मग आत बसून बारावी करायला लागतो, करतात लोक, पण उगाच दुप्पट ओझं. वय साडेसतरा ते एकवीस, लग्न झालेलं नसावं. परीक्षा कॉम्प्युटरवर, एसएसआरला तासाभरात शंभर प्रश्न, इंग्लिश-सायन्स-मॅथ्स-जीके, चूक उत्तराला पाव मार्क कट. पेपर हिंदी-इंग्लिशमध्ये असतो, मराठी नाही, कन्नड पण नाही. मराठी मीडियमच्या पोरांनी घाबरायचं कारण नाही पण पीयूसीचं (अकरावी-बारावीचं) सायन्स इंग्लिशमधूनच वाचा.

पैशाचं सरळ सांगतो कारण एजंट लोक फुगवून सांगतात. पहिल्या वर्षी महिना ३०,०००, त्यातले ३० टक्के कापून फंडात, हातात २१,०००. चौथ्या वर्षी ४०,०००, त्यातलेही तसेच कापले जातात. चार वर्षांनी सेवानिधी म्हणून व्याजासकट ११.७१ लाखाच्या आसपास. आणि चार वर्षांनी जास्तीत जास्त २५ टक्के पोरांना ठेवून घेतात, बाकी घरी. म्हणजे माझ्या काळात जी शिडी पहिल्या दिवशी सुरू व्हायची ती आता चार वर्षांनी सुरू होते, त्या चार वर्षांत तुम्हाला त्या पंचवीस टक्क्यांत बसायचंय. जो पोरगा म्हणतो "चार वर्षं बघू, नंतर ठरवू", त्याचं नेव्ही ठरवून टाकते.

कागद, आणि यावर मी सगळ्यात जास्त लिहिणार आहे

मी रायटर ब्रँचचा. रायटर म्हणजे शिपच्या ऑफिसातला कारकून, मालाडच्या आयएनएस हमलामध्ये आमचं ट्रेनिंग. आयुष्यभर दुसऱ्यांचे कागद केले त्यामुळं कागदात माणूस कसा मरतो हे मला जवळून माहीत आहे, आणि आपल्या सीमाभागातली पोरं त्यात पहिल्या नंबरला.

आपलं नाव बघा. घरी आणि मराठी शाळेत स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. एसएसएलसीच्या (दहावीच्या) मार्क्स कार्डावर कर्नाटकी पद्धतीनं इनिशियल, पाटील एम. वाय. नायतर मारुती वाय. पाटील. आधार काढताना ऑपरेटरनं कन्नडमध्ये टाइप केलं, मशीननं त्याचं इंग्लिश केलं, पाटीलचं पाटीला झालं, जाधवचं जाधवा. रेशन कार्डावर आईचं नाव लक्ष्मी, मार्क्स कार्डावर लक्ष्मीबाई. गावात याचं कुणाला काही वाटत नाही. भरतीत टेबलापलीकडं बसलेला माणूस हरियाणाचा नायतर केरळचा असतो, त्याला ही चार वेगळी माणसं दिसतात.

काय करायचं: दहावीचं मार्क्स कार्ड हा पाया धरायचा. जन्मतारीख आणि नाव तिथलंच चालतं, म्हणून बाकी सगळं त्याला जुळवून घ्यायचं, आधार दुरुस्त करा, पॅन दुरुस्त करा, बँक पासबुक दुरुस्त करा. उलटं करायला जाऊ नका, मार्क्स कार्ड दुरुस्त करायचं तर हेडमास्तर, मग बोर्ड, त्यात महिने जातात आणि फॉर्मची तारीख निघून जाते. मार्क्स कार्डावरच घोडचूक असेल तर दहावीचा निकाल लागला त्याच आठवड्यात शाळेत जा, दोन वर्षांनी नको. रहिवासी दाखला नाडकचेरीतून (महसूल खात्याच्या ऑफिसातून) काढा, तो कन्नडमध्ये येतो, इंग्लिश कॉपीपण मागून घ्या. आता ज्यांचं घर बेळगाव जिल्ह्यात आणि कॉलेज चंदगड-गडहिंग्लज-कोल्हापूरला, त्यांच्यासाठी, मेरिट राज्यवार लागतं, तेव्हा तुमचा दाखला ज्या राज्याचा त्याच राज्यातून फॉर्म. मामाच्या पत्त्यावर महाराष्ट्राचा दाखला काढून देतो म्हणणारे भेटतील, त्या नादाला लागू नका. पुढं व्हेरिफिकेशन होतं, पोलीस गावात येऊन विचारतात, आणि तेव्हा पोरगं ट्रेनिंगमधून परत येतं. सीमाप्रश्नावर तुमचं मत काय असेल ते असू दे, फॉर्मवर ते लिहायला रकाना नाही.

पळणं, मेडिकल, पोहणं

यावर यूट्यूबवर ढीगभर आहे म्हणून थोडक्यात. मुलांना १.६ किलोमीटर साडेसहा मिनिटांत, म्हणजे फार नाही, बेळगावच्या व्हॅक्सिन डेपो मैदानात रोज सकाळी येणारा कुठलाही पोरगा तीन महिन्यात करतो. वर उठाबशा आणि पुशअप्स. मेडिकलला दातं, कानातला मळ, गुडघे, हायड्रोसिल हे आधीच सिव्हिलला नायतर ओळखीच्या डॉक्टरला दाखवून घ्या. चष्मा असेल तर आधी नियम वाचा. आणि जत्रेत जाऊन दंडावर "आई" गोंदवू नका रे, टॅटूला हातावर ठरावीक जागीच परवानगी आहे, आईवर प्रेम असेल तर तिला पहिला पगार पाठवा.

पोहता येतं असं प्रत्येक जण सांगतो. विहिरीत कमरेला डबा बांधून शिकलेलं पोहणं म्हणजे डोकं वर, हातपाय झोडायचे, पाच मिनिटात दम खलास. नेव्हीत ते चालत नाही, मला चिल्क्यात, आमच्या ट्रेनिंगच्या जागी, पहिल्याच दिवशी नॉन-स्विमरच्या लायनीत उभं केलं, मलप्रभेत पूर असताना उडी मारणारा मी, इतकी लाज वाटली होती. बेळगावात तलाव आहेत, महिना-दोन महिने ब्रेस्टस्ट्रोक शिकून जा.

चिल्का

ओडिशात चिल्का सरोवराच्या काठी, आयएनएस चिल्का. आमच्या वेळी बेळगावला मीटरगेज होती, मिरजेला गाडी बदलायची आणि तिथून पुढं जणू दुसरा देश. अग्निवीरांची पहिली बॅच तिथूनच २०२३ च्या मार्चमध्ये बाहेर पडली, त्यात पावणेतीनशेच्या आसपास मुली होत्या. चिल्क्याबद्दल एकच सांगतो, तिथं कुणी हुशार आहे म्हणून लक्षात राहत नाही, कुणी दररोज वेळेवर आहे म्हणून राहतो. आणि हिंदी बोला, तुटकी का असेना, आपली पोरं कोपऱ्यात चार मराठीवाले गोळा करून बसतात आणि सहा महिन्यांनी पण "मेरेको मालूम नहीं" वरच असतात.

शिडी कशी आहे

सीमन सेकंड क्लास, फर्स्ट क्लास, मग लीडिंग (बाहीवर एक नांगर), पेटी ऑफिसर, चीफ पेटी ऑफिसर, मास्टर चीफ सेकंड क्लास, मास्टर चीफ फर्स्ट क्लास. इथपर्यंत सेलर. अग्निवीर या सगळ्याच्या आधी. याच्यावर सब लेफ्टनंटपासून ऑफिसर, आणि दोन्हीमध्ये जिना नाही, भिंत आहे, जेवायची जागा वेगळी, राहायची वेगळी. १९४६ च्या फेब्रुवारीत मुंबईत एचएमआयएस तलवारवर रेटिंग लोकांनी, म्हणजे सेलरांनी, बंड केलं ते आधी जेवणावरून पेटलं होतं, ही भिंत किती जुनी आहे बघा. आता जेवण चांगलं असतं, तक्रार नाही. भिंत आहे तिथंच आहे, पण तिला दारं आहेत.

एक दार सीडब्ल्यू, म्हणजे कमिशन वर्दी (युनिफॉर्मवाली वर्दी नव्हे, इंग्लिश worthy, ऑफिसर व्हायला लायक). वय कमी असताना, सेलर म्हणून काही वर्षं झाल्यावर, तुमच्या शिपचा कमांडिंग ऑफिसर शिफारस करतो, पेपर जातात, एसएसबी (ऑफिसर निवडायची परीक्षा-मुलाखत) होते, पास झालात तर केरळात एळिमलाच्या नेव्हल अकॅडमीत बाकीच्या कॅडेटांबरोबर. यातनं गेलेला माणूस वरपर्यंत जाऊ शकतो कारण वय हातात असतं. दुसरं दार एसडी, स्पेशल ड्यूटीज. पेटी ऑफिसर आणि वरच्या अनुभवी सेलरांसाठी, लेखी परीक्षा आणि बोर्ड, त्याच ब्रँचचा ऑफिसर होतो, बहुतेकांची गाडी लेफ्टनंट कमांडर-कमांडरला थांबते. तिसरं दार म्हटलं तर दार, म्हटलं तर निरोपाचा हार, मास्टर चीफला रिटायरमेंटच्या तोंडावर २६ जानेवारी नायतर १५ ऑगस्टला ऑनररी सब लेफ्टनंट, ऑनररी लेफ्टनंट. तो पण मान मोठाच आहे, उगाच कमी लेखू नये, पण आपण बोलतोय ते पहिल्या दोनांबद्दल. (चौथं पण आहे, आर्मीच्या एसीसीतून (आर्मी कॅडेट कॉलेजातून) सेलरला आर्मीचा ऑफिसर होता येतं. आमच्याकडं एक गेला, त्याला समुद्र लागायचा.)

माझं पहिलं दार कसं बंद झालं

साल १९९४. मी लीडिंग रायटर, एका शिपवर, नाव सांगत नाही. शिपचं ऑफिस म्हणजे आपल्या गावाकडच्या न्हाणीघराएवढी खोली, त्यात एक टाइपरायटर, एक कपाट, एक पंखा ज्याचा वारा फक्त भिंतीला लागायचा. बंदरात होतो, मुंबईत, दुपारी सगळे लिबर्टीला (सुट्टीत शिपबाहेर) गेलेले आणि मी एका रडारवाल्या पोराचे सीडब्ल्यू पेपर टाइप करत बसलेलो, चार कॉप्या, मध्ये कार्बन. जन्मतारखेच्या रकान्याला आलो आणि हात थांबला. तो माझ्यापेक्षा पंधरा दिवसांनी लहान होता. त्याचे मार्क माझ्यासारखेच, इंग्लिश माझ्यापेक्षा वाईट, कारण त्याचा अर्ज मीच दोनदा सुधारला होता.

तेवढ्यात डिविजनल ऑफिसर, म्हणजे आमच्या गटाचे साहेब, काहीतरी सही करायला आत आले, मागं उभं राहून वाचलं आणि म्हणाले, "और तेरे पेपर?" मी म्हटलं, "सर, मैं तो रायटर हूँ." ते म्हणाले, "किस ऑर्डर में लिखा है कि रायटर नहीं भर सकता?" मी हसलो. खरंच हसलो, चेष्टा करतायत असं वाटलं. नेव्ही ऑर्डरची फाइल माझ्याच मागच्या कपाटात होती, किल्ली माझ्याच खिशात, आणि मी ती ऑर्डर उघडून वाचली दीड वर्षानं. तोपर्यंत वय गेलं होतं. काही महिन्यांनी.

हे कुणाच्या माथी मारता येत नाही, जातीवर नाही, भाषेवर नाही, सीमेवर नाही. आपल्याकडच्या माणसाच्या मनात एक असतं की आपल्याला कोणीतरी बोलवेल, मुकादम नाव घेईल, मग आपण पुढं जायचं. नेव्हीत कुणी बोलवत नाही. रिक्वेस्ट फॉर्म भरायचा असतो. तो डिविजनल ऑफिसरकडं जातो, मग एक्सओ (शिपवरचा दोन नंबरचा ऑफिसर), मग सीओ (कमांडिंग ऑफिसर), आणि तुम्ही युनिफॉर्म कडक करून त्यांच्यासमोर उभं राहून सांगायचं की सर, मला हे पाहिजे. टोपी डोक्यावर ठेवूनच, टोपी काढायला लागते ती डिफॉल्टरला (गुन्ह्यासाठी उभा केलेल्याला), मागणाऱ्याला नाही. हा फरक मला कळायला सात वर्षं लागली.

म्हणून आता ठेवून घेतलेल्या प्रत्येक पोरानं करायची गोष्ट: पर्मनंट झाल्या महिन्यात सीडब्ल्यू आणि एसडी दोन्हीच्या चालू नेव्ही ऑर्डर शिपच्या ऑफिसात जाऊन स्वतः वाचा. वयाची अट, सर्व्हिसची अट, शिक्षणाची अट, तिन्ही तारखा वहीच्या पहिल्या पानावर लिहा, तुमचं कोणतं दार कुठल्या महिन्यात बंद होणार ते दिसलं पाहिजे. मित्र सांगतो, सिनियर सांगतो, मी सांगतो, त्यावर जाऊ नका, अटी बदलत असतात. रायटर वाकडं तोंड करेल, करू दे, चहा पाजा.

रेकॉर्ड

दोन्ही दारांवर पहिल्यांदा बघतात ती तुमची सर्व्हिस डॉक्युमेंट. दरवर्षी कॅरेक्टर लिहितात, त्यात एखाद्या वर्षी दारूचा किस्सा, लिबर्टीवरून उशिरा येणं, मारामारी असली की ती ओळ पंधरा वर्षांनी पण तिथंच असते. चांगलाच माणूस पण एका रविवारी व्हास्कोत पिऊन गेटवर भांडला आणि संपला, असे मी तीन टाइप केलेत. आणि स्वतःच्या डॉक्युमेंटची कॉपी ठेवा. माझं परीक्षा पास झाल्याचं सर्टिफिकेट एका शिपवरून दुसरीकडं बदली होताना गहाळ झालं, रायटरचंच गहाळ झालं म्हणजे बघा, नशीब माझ्याकडं झेरॉक्स होती म्हणून मानखुर्दच्या चीता कँपला, म्हणजे ब्युरो ऑफ सेलर्सला, जाऊन पुन्हा लावून घेता आलं. बदल्या, प्रमोशनं सगळं तिथून हलतं, तो पत्ता लक्षात ठेवा.

एसडीचा अभ्यास समुद्रावर कसा करायचा

क्लास वगैरे काही नसतो. मी असं केलं. रात्री बारा ते चारची मिडल वॉच ज्या दिवशी नसेल त्या दिवशी रोज एक तास, एकच, पण चुकवायचा नाही. मेस डेकवर (सेलर राहतात-जेवतात तिथं) टीव्ही चालू असतो, पत्ते चालू असतात, त्यामुळं स्टोअरच्या बाहेर एक बल्ब होता तिथं बादली उलटी टाकून बसायचो. नेव्ही ॲक्ट १९५७ आणि रेग्युलेशन्स नुसती वाचून डोक्यात बसत नाहीत, म्हणून प्रत्येक कलमाला शिपवर घडलेली एक गोष्ट जोडायची, अमक्यानं काय केलं, कुठलं कलम लागलं. असं केलं की विसरत नाही, वर आपलं बोलणंपण वकिलासारखं होतं, बायको अजून वैतागते.

इंग्लिशचं दुखणं मोठं. माझं उत्तर असं की निबंध लिहू नका, पत्र लिहा. रोज एक सर्व्हिस लेटर, पाच ओळींचं, विषय कुठलाही, पाण्याचा पंप बिघडला, चार जणांना रजा पाहिजे. एखादा डिविजनल ऑफिसर भला असतोच, त्याला आठवड्यातून एकदा दाखवा, तो लाल पेनानं कापेल, कापू दे. माझ्या पहिल्या पत्रावर मजकुरापेक्षा लाल जास्त होतं आणि खाली लिहिलं होतं, अर्ध्या शब्दांत लिही. तेवढं एक वाक्य मला पास करून गेलं. इग्नूतून पदवी करता येते, ती करून घ्या, समुद्रावर असाइनमेंट लिहायला वेळच वेळ.

सीडब्ल्यूवाल्यांना एसएसबी, ती पाच दिवसांची. त्यात चित्र ३० सेकंद बघून चार मिनिटात गोष्ट लिहायची, ६० शब्द, प्रत्येकाला १५ सेकंद, मनात येईल ते वाक्य. आपली पोरं तिथं पुस्तकातली वीरगाथा लिहून येतात. तुमच्या गोष्टीतला हिरो उसाची ट्रॉली उलटली तेव्हा काय करतो ते लिहा, तुम्ही ते बघितलंय, ते खरं वाटतं. ग्रुपमध्ये बोलताना आवाज चढवू नका, बेळगावी माणूस प्रेमानं बोलला तरी बाहेरच्याला भांडतोय असं वाटतं.

भिंतीच्या पलीकडं

२००४ ला झालो. खांद्यावर एक पट्टी, सब लेफ्टनंट, वय चौतीस, आणि माझ्याबरोबरचे सब लेफ्टनंट बावीस-तेवीसचे, मला सर म्हणू की नको म्हणून अडखळायचे. पहिल्या दिवशी वॉर्डरूममध्ये, म्हणजे ऑफिसरांच्या मेसमध्ये, जेवायला गेलो तर वाढायला उभा असलेला स्टुअर्ड माझ्या जुन्या मेसचा, आम्ही दोन वर्षं वरखाली बंकवर झोपलेलो, त्याच्या बहिणीच्या लग्नाला मी गेलो होतो. त्यानं सॅल्यूटच्या तोऱ्यात मान हलवली, "गुड आफ्टरनून सर" म्हटलं आणि माझ्या ताटात डाळ वाढली. मला घास गिळेना. संध्याकाळी जेटीवर गाठून म्हटलं, अरे सर काय म्हणतोस. तो म्हणाला, "कपड्याला म्हटलो, तुला नाही." तेव्हापासून बरं झालं. पण हे ट्रेनिंगमध्ये कुणी शिकवत नाही म्हणून सांगतो, जुन्या दोस्तांशी सगळ्यांसमोर सलगी करू नका, त्यांनाच अवघड जातं, आणि एकटं असताना साहेबपणा करू नका. दोन्हीकडं घसरलेले बघितलेत मी.

पैशाचा फरक आजच्या हिशोबानं, मास्टर चीफ फर्स्ट क्लासचं बेसिक ४७,६०० पासून, सब लेफ्टनंटचं ५६,१०० पासून, लेफ्टनंट कमांडर ६९,४०० पासून, शिवाय मिलिटरी सर्व्हिस पे सेलरला ५,२०० आणि ऑफिसरला १५,५००. पेन्शनला हे सगळं जाऊन लागतं. खर्चपण वाढतो, मेस बिल येतं, पार्ट्या येतात, पहिल्या सहा महिन्यांत माझी शिल्लक शून्य होती आणि घरचे समजत होते साहेब झाला म्हणजे बंगला बांधणार.

आणि ज्याला हे जमलं नाही त्यानं काय वाया गेलं असं समजू नये. १९७१ मध्ये महावीर चक्र मिळालेला चिमन सिंग लीडिंग सीमन होता, बाहीवर एक नांगर. हे मी त्या आयांना सांगतो ज्या म्हणतात, ऑफिसर नाही झाला तर कशाला पाठवायचं.

अजून एक, फोनवर विचारू नका, मला ऐकायला कमी येतं, इंजिनरूमच्या वर झोपून झालेलं आहे ते. रविवारी सकाळी दहाच्या आधी या, दहानंतर मी रानात असतो. येताना दहावीचं मार्क्स कार्ड ओरिजिनल आणा आणि आधार पण, दोन्ही टेबलावर शेजारी ठेवून आधी स्पेलिंग बघू, मग बाकीचं बोलू.